एस्तेरबाईंचे दोन रविवार

सोलापुरात काचेच्या मोठ्या खिडकीचं पहिलं दुकान निघालं तेव्हा ती खिडकी बघायला अख्खा गाव लोटला होता. पण त्या खिडकीपुढं उभं राहून आनंदानं ओरडणारी बाई मी एकच पाहिली. आमच्या शाळेतल्या शिवणाच्या एस्तेरबाई.

“अगं बया बया! इंदूबाई, त्या बाईच्या पातळाचा पदर बगा की! पाण्यावर ऊन पडावं तसा दिसतोय!”

रस्त्यावरची माणसं खिडकी सोडून आमच्याकडं बघायला लागली. मी पदर सावरला, चष्मा सावरला आणि आपण यांच्याबरोबर नाही असं दाखवायचा प्रयत्न केला. तो फसला, कारण एस्तेरबाईंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. आनंद झाला की त्यांना कुणाचं तरी मनगट लागायचं.

त्या वेळी मी बावीस वर्षांची होते. वडील कोर्टात कारकून. मिशनच्या मुलींच्या शाळेत मराठी आणि गणित शिकवायची नोकरी मला मिळाली, तेव्हा घरात आठ दिवस खल चालला. शेवटी वडील म्हणाले, “शिकवायला जा. पण तिथं पाणीसुद्धा पिऊ नकोस.” पहिल्याच आठवड्यात एस्तेरबाईंनी हे ओळखलं. मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “तुमची सुरई तुमी घरनं आणा. मी तिला हात लावायची न्हाय. पण गप्पा तर माराल का न्हाय?” सुरई मी आणली. वर्षभरात ती कुठं गेली ते मला आठवत नाही. तोवर मी त्यांच्याच माठातलं पाणी प्यायला लागले होते.

एस्तेरबाई तेव्हा पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, सावळ्या, अंगानं भरलेल्या. गळ्यात मापाची फीत, खांद्याशी टाचण्यांची रांग, आणि समोरच्या दाताला एक खाच. चाळीस वर्षं दाताखाली दोरा तोडून ती पडली होती. मूळच्या वेळापूरकडच्या. एका दुष्काळात आईबाप गेले आणि त्या मिशनच्या बोर्डिंगात आल्या. पुढं लग्न झालं, नवराही लवकर गेला. बोर्डिंगानं त्यांना लिहायला, वाचायला, शिवायला शिकवलं, पण बोली मात्र वेळापूरचीच राहिली. शाळेच्या मुख्य मिससाहेबांनी ती सुधारायचा पुष्कळ प्रयत्न केला. त्याचा परिणाम एवढाच झाला, की सातासमुद्रापलीकडून आलेल्या मिससाहेब स्वतःच “लई बरं हाय” म्हणायला लागल्या.

त्यांचा माझा खरा परिचय झाला तो माझ्या पेनामुळं.

माझ्या भावानं पुण्याहून मला फाउंटन पेन पाठवलं होतं. हिरवं, सोनेरी निबाचं. शाळेत सगळ्याजणी अजून टाक-दौत वापरत होत्या. मी ते पेन काढलं मात्र, एस्तेरबाई धावत आल्या. “शाई आतच असती? दौत न्हाय? सांडत बी न्हाय?” मी पेन त्यांच्या हातात दिलं. त्यांनी माझ्या वहीच्या मागच्या पानावर आपलं नाव लिहिलं. पुन्हा लिहिलं. पान भरेपर्यंत एस्तेर, एस्तेर लिहीत राहिल्या. मग शिवणाच्या वर्गातून मुलींना हाका मारून बोलावलं आणि जणू पेन त्यांच्याच भावानं पाठवलंय अशा थाटात प्रत्येकीला दाखवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना झाल्यावर त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. चेहरा गंभीर.

“सलाम इंदूबाई. एक सांगायचंय. काल मी तुमच्या पेनाचा लोभ केला.”

मला हसू आलं. मी पेन काढून म्हटलं, “एवढंच ना? घ्या, वापरा दोन दिवस.”

त्या चटका बसल्यासारख्या मागं सरल्या. “नको, नको! पेन आवडलं ते झ्याकच झालं. ते पाप न्हाय. पण दुपारनंतर मला वाटाय लागलं, ह्या कालच्या पोरीला कशाला पायजे असलं पेन? मग तुमचं अक्षर बी मला वाकडं दिसाय लागलं. तुमचं चालणं बी मिजासखोर दिसाय लागलं. तितं पाप झालं. माफ करा.”

असं कुणी मला आजवर सांगितलं नव्हतं. आमच्या घरीदारी हेवा होता, भरपूर होता, पण तो कुणी सकाळी उठून ज्याचा केला त्यालाच नेऊन सांगत नव्हतं. मी गोंधळून गेले. मग त्यांनी मला त्यांच्या धर्माच्या दहा आज्ञांमधली शेवटची दाखवली, लोभाची. “तुमी गणिताच्या बाई. हितं ‘शेजारी’ किती बारी आलाय मोजा.”

मी मोजलं. तीनदा.

“बगा! घर हाय, बैल हाय, गाढव हाय. पेन न्हाय, कारण तवा पेन नव्हतं. उद्या आणिक काय काय निघंल. वस्तू बदलत जाणार, पण शेजारी हाय तितंच हाय. देवाला बैलाची काळजी न्हाय, इंदूबाई. बैलापायी शेजारी दिसंनासा हुतो, त्याची हाय.”

मग त्यांनी आपला उपाय सांगितला. एखादी वस्तू मनात भरली की दोन रविवार थांबायचं. त्या दोन रविवारांत ती वस्तू ज्याच्याकडं आहे त्याचं नाव घेऊन देवाजवळ त्याच्यासाठी मागायचं. वस्तूसाठी नाही, माणसासाठी.

“आणि वस्तू घ्यायचीच नाही?” मी विचारलं.

“घ्यायची की!” त्यांचे डोळे चमकले. “दोन रविवारांनी बी हवी वाटली, नि जमत असंल, तर बाजारात जायचं, घ्यायची आणि लई खुशीत वापरायची. देवानं डोळं काय मिटून बसाया दिलेत व्हय?”

त्या दोन रविवार माझ्यासाठी काय मागत होत्या कोण जाणे. पण त्या महिन्यात माझ्या आईचा जुना ताप उतरला, आणि एस्तेरबाई शाळाभर अशा नाचल्या की जणू त्यांचीच आई बरी झाली.

हा उपाय त्या येईल त्याला सांगायच्या. रविवारी दुपारी विणकरांच्या वस्तीत, गिरणीत जाणाऱ्या बायकांना त्या शिवण शिकवत. तिथं नरसम्मा नावाची एक तेलुगू बाई होती. तिच्या शेजारणीनं फुलं काढलेल्या चिनीमातीच्या सहा कपबशा आणल्या आणि नरसम्माची झोप उडाली. नवऱ्याशी रोज भांडण. एस्तेरबाईंनी तिला दोन रविवार सांगितले.

“कोणत्या देवाला सांगू?” नरसम्मानं विचारलं.

“माझ्या देवाला सांगा. त्याला तेलुगू बी येतंय.”

दुसऱ्या रविवारी मी एस्तेरबाईंबरोबर गेले होते. नरसम्मा वाटच बघत होती, आणि रागावलेली होती.

“बाई, तुमचा औषध वाईट! तिचा नाव घेतला, तर तिचा पोरगा खोकतोय ते ध्यानात आला. मग मी अडुळशाचा काढा करून नेला. तिनं मला त्या कपात चहा दिला. आता कप माझ्या घरी कशाला आणू? तिच्या घरी जाऊन पिते की!”

एस्तेरबाईंनी माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली. येताना वाटभर त्या त्या कपबशांचंच बोलत होत्या. कपबशा त्यांनीही पाहिल्या होत्या, आणि त्यांनाही फार आवडल्या होत्या.

आता त्या खिडकीकडं येते. दुकान मल्लप्पा शेटजींचं. अक्कलकोटकडचा व्यापारी माणूस, बोलण्यात मराठी आणि कानडी सारख्याच सहजतेनं. त्यानं मुंबईहून मेणाची बाई आणली होती. तिला जपानी नकली रेशमाचं पातळ नेसवलं, अंगात त्याच कापडाचं झंपर घातलं आणि वर विजेचा दिवा सोडला. गावात दुसरं बोलणंच नव्हतं. मिशनच्या देवळातल्या पाळकसाहेबांनी रविवारी व्यासपीठावरून सांगितलं, की ही काच म्हणजे सैतानाची काच आहे, तिच्यापासून दूर राहा. आणि सोमवारी एस्तेरबाई शिवणाच्या वीस मुलींना रांगेनं घेऊन त्या काचेपुढं हजर झाल्या. मला मदतीला नेलं होतं.

“बगा,” त्या म्हणाल्या. “पोटभर बगा. लाजू नका.”

मुलींनी नाकं काचेला लावली. वीस तोंडांच्या वाफेनं काच धुरकट झाली. कुणी काठ बघत होती, कुणी मेणाच्या बाईचे ओठ. मग एस्तेरबाईंनी टाळी वाजवली. “आता डोळं मिटा. सांगा, काठावर काय हुतं?”

“कोयऱ्या!” वीसही जणी ओरडल्या.

“झंपराला गुंड्या किती?”

“पाच!”

“लई छान. आता डोळं न उघडता सांगा, तुमच्या उजव्या हाताला कोण उभी हाय?”

फक्त दोघीचौघींनी भीत भीत नावं सांगितली, त्यातली दोन चुकली. एकजण चाचपडत शेजारणीची वेणी धरून ओळखायला लागली आणि सगळ्या फिसकन हसल्या.

“बगितलंसा?” एस्तेरबाईही हसत होत्या. “मेणाची बाई गुंड्यांसकट ध्यानात हाय, नि जितीजागती पोर कुटं गेली?”

एवढ्यात शेटजी बाहेर आले. “बर्री, बर्री! बाहेर का उभं? आत या की!” गिऱ्हाईक नाही हे त्यांना दिसत होतंच, पण वीस मुलींमुळं रस्ता अडला होता. आत गेल्यावर एस्तेरबाई सरळ मेणाच्या बाईकडं गेल्या. “शेटजी, हिची बाही उलटी लावलीय.” आणि उत्तराची वाट न बघता खांद्याच्या टाचण्या काढून, बाही उसवून, सुलटी टाचून मोकळ्या. शेटजी बघत राहिले. मग त्यांनी गठ्ठ्यातून एक तुकडा काढून पुढं केला. झंपरापुरता, गर्द जांभळा. “ठेवा बाई. आमच्याकडनं.”

एस्तेरबाईंचे हात पुढं झाले आणि मध्येच थांबले. तुकडा त्यांना किती हवा होता ते वीस मुलींना दिसलं. “शेटजी, दोन रविवार थांबा,” त्या म्हणाल्या. “तवर तुमच्यासाठी मागते.”

दुकानदारीत शेटजींनी हे नक्कीच कधी ऐकलं नसणार. “माझ्यासाठी? बरं मागा, बाई. माझा गुडघा लई दुखतो.”

शाळेत परतल्यावर मिससाहेबांचं बोलावणं आलं. “एस्तेरबाई, तुम्ही मुलींना बाजार दाखवायला नेलं?”

“व्हय मिससाहेब. त्या चोरून जाणारच हुत्या. मग माझ्यासंगं गेलेल्या बऱ्या.”

दोन रविवारांनी त्यांनी तो तुकडा आणला. मला वाटलं, आता एखाद्या गरीब मुलीला देतील. छे! त्यांनी स्वतःलाच झंपर शिवलं आणि दुसऱ्या दिवशी घालून आल्या. पांढऱ्या लुगड्यावर ते जांभळं झंपर वर्गाच्या दारातून आत आलं तेव्हा माझ्या मुली बेरीज विसरल्या. “मला आवडलंय,” त्या म्हणाल्या. “मी घालणार.”

इतकं सगळं साधलेली ही बाई एकदा लोभात पडली, आणि तेही फार वाईट पडली. ते सांगितल्याशिवाय त्यांचं चित्र पुरं व्हायचं नाही.

मिशनच्या चाळीत एस्तेरबाईंची एक खोली होती. तिच्या भिंतीला भिंत लागून मार्था राहायची. मार्था बोर्डिंगातलीच पोरकी मुलगी, एस्तेरबाईंनी तिला सुई धरायला शिकवलं होतं. ती त्यांना मावशी म्हणायची. तिचा नवरा योहान एका गिरणीत फिटर होता. एके दिवशी त्यानं मोठ्या खटपटीनं बायकोला शिवणाची पायमशीन आणली.

शाळेत आमच्याकडं हातानं फिरवायची एक जुनी मशीन होती. पायमशीन एस्तेरबाईंनी फक्त एकदा, तरुणपणी, एका मिससाहेबांच्या बंगल्यावर चालवली होती. दोन्ही हात मोकळे राहतात, कापड नदीसारखं पुढं जातं, असं त्या मला कितीदा तरी सांगायच्या. तीस वर्षं ती त्यांच्या मनात होती. मशीन आली त्या दिवशी त्यांनी चाळभर आरोळी दिली, मार्थाचा मुका घेतला, मशीनीवर हात ठेवून प्रार्थना केली. पण मग भिंतीपलीकडून रोज तो खडखडाट यायला लागला. लोक कपडे घेऊन आधी एस्तेरबाईंच्या दाराशी यायचे, ते आता एक दार पुढं जायला लागले.

दोन रविवार गेले. चार गेले. एस्तेरबाई मार्थाकडं जाईनाशा झाल्या. शाळेतही गप्प. पेन्सिल नवी असली तरी ओरडणारी बाई, मुलींच्या नव्या रिबिनींकडं बघेनाशी झाली.

“मागताय ना तिच्यासाठी?” मी एकदा विचारलं.

“मागते की. पण निस्तं नाव निघतंय तोंडातनं. तिचं तोंडच दिसत न्हाय, इंदूबाई. मशीनच दिसती.”

मग ती शुक्रवारची संध्याकाळ आली. मी त्यांच्या उंबऱ्याशी बसले होते. मार्था पांढरं रेशीम छातीशी धरून आली. बोर्डिंगातल्या सलोमीचं लग्न दुसऱ्या दिवशी चार वाजता होतं आणि नवरीचं झंपर शिवायचं काम मार्थाला मिळालं होतं. पायमशीनीवरचं तिचं पहिलं मोठं काम. कापड सलोमीच्या मामानं लांबून पाठवलेलं, मोजकंच.

“मावशी, हे लई पातळ हाय. मशीन वढून घेईल का? कसं शिवायचं सांगता?”

एस्तेरबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. “मला तुझ्या पायमशीनीतलं काय ठाऊक, बाई? तूच बग.”

मार्था रेशमाची घडी तशीच घेऊन गेली.

मी तोंड उघडलं आणि मिटलं. कारण असलं पातळ कापड शिवताना खाली कागद ठेवायचा आणि वरचा दोरा सैल सोडायचा, हे आठच दिवसांपूर्वी एस्तेरबाईंनी वर्गात मुलींना शिकवलं होतं आणि मी दारात उभी राहून ऐकलं होतं. मी तरी मार्थाच्या मागं जाऊन सांगायचं होतं. मीही गेले नाही. मोठ्या बाईला खोटं पाडायचं धैर्य मला झालं नाही.

शनिवारी सकाळी दहाच्या सुमाराला एक मुलगी धापा टाकत शाळेत आली. मार्थाच्या मशीनीनं झंपर खाल्लं होतं. छातीवर वीतभर फाटलं होतं, आणि मार्था दार लावून आत रडत होती.

एस्तेरबाईंच्या हातातली कात्री खाली पडली. मग त्या पळाल्या. पायांत वहाणा नाहीत, वर्ग तसाच उघडा, गळ्यातली फीत वाऱ्यावर. त्या वयाची, त्या अंगाची बाई इतक्या वेगानं पळताना मी पाहिली नव्हती. मी मागोमाग.

“मार्था, दार उघड!”

दार उघडलं. मार्थाचे डोळे सुजले होते. एस्तेरबाईंनी दम घेतला नाही की प्रस्तावना केली नाही. “काल मी खोटं बोलले. मला ठाऊक हुतं. खाली कागद लावायचा असतोय. मी मुद्दाम सांगितलं न्हाय.”

मार्थाला कळायला वेळ लागला. “का, मावशी?”

“तुझी मशीन मला पायजे हुती. ती तुझ्याकडं आली, नि मला तू दिसायचीच बंद झालीस.”

“तुम्ही?” मार्थाचा आवाज चढला. “आमाला आज्ञा तुम्ही शिकवल्या! आता लोक मला काय म्हणतील? सलोमी काय घालून उभी राहील? जा तुम्ही हितनं!”

“जाते. तू म्हणशील तितकं दिवस त्वांड दाखवणार न्हाय. पण आदी झंपर दे. चार वाजायला अजून वेळ हाय.”

त्यांनी फाटकं झंपर उजेडात धरलं. नवं कापड नव्हतंच. काही तरी लावून तो भाग झाकायला हवा होता. त्या तडक आपल्या खोलीत गेल्या आणि पेटीच्या तळातून एक पुरचुंडी घेऊन आल्या. आत हातानं विणलेली पांढरी लेस होती, बारीक सुताची, द्राक्षांच्या वेलाची. चाळीतल्या प्रत्येक आईनं आपल्या मुलीच्या लग्नात ती मागितली होती आणि प्रत्येकीला एस्तेरबाईंनी नकार दिला होता. ती त्यांनी स्वतःच्या शेवटच्या कपड्यासाठी राखून ठेवली होती. “माझ्यासंगं मातीत जायची हाय ती,” असं सांगायच्या.

“मावशी, ही नको,” मार्था रागातही म्हणाली.

“मातीला काय कळतंय द्राक्षं का गवत?” त्यांनी कात्री घातली. मी डोळे मिटून घेतले.

मग जे पाच तास गेले ते मी जन्मात विसरणार नाही. मी कागदाच्या पट्ट्या कापत होते, एस्तेरबाई कापड धरून पुढं सरकवत होत्या, मार्था पाय मारत होती. बोलणं फक्त “सैल सोड”, “थांब”, “आता”. फाटलेला भाग कापून काढला, तिथं लेस बसवली, ती एकट्या छातीवर बरी दिसेना म्हणून बाह्यांनाही लावली. बारा वाजले, गिरणीचा भोंगा झाला. सलोमीची आई दोनदा डोकावून गेली. एक वाजता मार्थाच्या पोटरीत गोळा आला. तिनं पाय दाबत मशीनीकडं बघितलं, मावशीकडं बघितलं, आणि तुटकपणे म्हणाली, “मावशी, पाय तुम्ही मारा.”

एस्तेरबाई बसल्या. पाय ठेवले. चाक फिरलं, सुई खालीवर पळायला लागली आणि पांढरं रेशीम त्यांच्या हाताखालून सरसर पुढं गेलं. त्यांनी ओठ घट्ट दाबून धरले होते. मला दिसत होतं, त्यांना लाज वाटत होती, या घटकेला आनंद होणं बरं नव्हे हेही कळत होतं. पण शिवण संपून वळण आलं तेव्हा त्यांच्या तोंडून सुटलंच, “अगं बया, पळतीय की गं ही!”

मार्थानं तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, पुन्हा रडतेय. पण ती हसत होती, मनात नसताना, रागासकट हसत होती.

साडेतीनला शेवटची गुंडी लागली. चारला देवळाची घंटा झाली तेव्हा सलोमी दारात उभी होती, अंगावर द्राक्षांचा वेल घेऊन. ख्रिस्ती लग्न मी पहिल्यांदाच बघत होते, पण माझं लक्ष मागच्या बाकाकडंच होतं. तिथं एस्तेरबाई धुळीच्या पायांनी उभ्या राहून, कुणी विचारो न विचारो, कानात सांगत होत्या, “मार्थाच्या मशीनीवर शिवलंय. व्हय, मार्थाच्या!”

बाहेर पडल्यावर त्या मार्थापुढं जाऊन उभ्या राहिल्या. “माफ केलंस?”

मार्थानं आपल्या पदराला चिकटलेला पांढरा दोरा काढून टाकला. मग म्हणाली, “दोन रविवार जाऊ द्या, मावशी.”

“जाऊ दे की,” एस्तेरबाई म्हणाल्या. “हक्क हाय तुझा.”

ते दोन रविवार त्यांना जड गेले. पण दुसऱ्या रविवारनंतरच्या सोमवारी भिंतीपलीकडचा खडखडाट थांबला आणि मार्था दारात आली. “मावशी, एका कॉलरचं कोडं पडलंय. येता का?” एस्तेरबाई शाळेला तासभर उशिरा आल्या. आल्या त्याच ओरडत. त्या दिवशी त्यांना माझ्या नव्या छत्रीपासून शिपायाच्या नव्या झाडूपर्यंत सगळंच आवडत होतं.

पुढं माझी पुण्याच्या एका शाळेत नेमणूक झाली. एस्तेरबाईंनीही काम सोडलं आणि त्या जेऊरला पुतण्याकडं राहायला गेल्या. एका हिवाळ्यात सोलापूरहून पुण्याला निघाले तेव्हा त्यांना कार्ड टाकलं, अमुक गाडीनं जातेय, जेऊरला गाडी थांबते.

गाडी थांबायच्या आतच त्या डब्याबरोबर धावत होत्या. केस पुरते पांढरे झालेले. कडेवर हुरड्याची टोपली. मला मूठभर दिला न दिला, तोच डब्यातल्या सगळ्यांना वाटायला लागल्या. “खावा, खावा, कवळा हाय!” आणि मग खिडकीच्या चौकटीला धरून मला म्हणाल्या, “इंदू! शेजारच्या वस्तीवर हिरीला पाणी लागलं! केवढं म्हणून सांगू! उसळलंच! सगळी पोरं भिजली!”

“आणि तुमच्या विहिरीला?”

“आमची खांदतेत अजून. खडक लागलाय. पण त्यांच्या पाण्याचा आवाज ऐकायला पायजे हुतास तू.”

मला खूप बोलायचं होतं. मार्थाला दुसरा मुलगा झाला ते सांगायचं होतं. पण त्यांची नजर गाडीच्या तोंडाकडं गेली होती. “इंजान नवं हाय व्हय गं हे?” त्यांनी विचारलं, आणि “आले हां” म्हणून टोपली माझ्या खिडकीतून आत सारून त्या पुढं निघून गेल्या.

शिट्टी झाली. गाडी हलली. मी खिडकीतून जमेल तेवढी मान बाहेर काढली. फलाटाच्या टोकाला त्या उभ्या होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला, तोंड वर करून ड्रायव्हरला काहीतरी विचारत होत्या आणि तो हसून सांगत होता. इंजिन त्यांच्यापुढून गेलं, मग एकेक डबा गेला. प्रत्येक डब्यातल्या माणसांकडं त्या ओळखीच्या असल्यासारख्या बघत होत्या. माझा डबा आला तेव्हा त्यांनी दोन्ही हात वर केले आणि मोठ्यांदा काहीतरी ओरडल्या. चाकांच्या आवाजात ते मला ऐकू आलं नाही. पण त्या हसत होत्या, आणि माझ्या मागच्या डब्याकडं वळल्या होत्या.